पंचेचाळीस मीटर

उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल फेब्रुवारी लागला की जेवणाचं राहत नाही. त्यावर वह्या येतात, जुन्या प्रश्नपत्रिकांची चळत येते, कंपासपेटी उघडी पडून राहते. आमची मुलगी प्रज्ञा यंदा बारावीला आहे. आम्ही दोघं नवरा-बायको ओट्याशी उभ्यानं जेवतो आणि ताटंही आवाज न करता धुतो.

या दिवसांत बहरैनच्या हवेबद्दल कोणी तक्रार करत नाही. एसी बंद असतात, खिडक्या उघड्या असतात. वायव्येकडून वारा सुटला की गजांवर पिठासारखी धूळ बसते. सकाळी पुसली तर दुपारी परत येते. यंदाही रमझान परीक्षेतच आलाय. खालच्या हॉटेलांचे पडदे दिवसभर ओढलेले असतात. चारनंतर तळणाचा वास जिन्यातून वर चढतो आणि पाचच्या सुमारास रस्त्यावरचा आवाज बदलतो. प्रत्येकाला उपवास सुटायच्या आत घरी पोचायचं असतं. हॉर्न वाढतात. मग सूर्य मावळतो आणि पाच मिनिटांत रस्ता असा मोकळा होतो की सिग्नल कोणासाठी बदलतोय असं वाटावं.

गेल्या वर्षी याच टेबलावर अकरावीचं पुस्तक होतं आणि घर्षणाचा धडा चालू होता. प्रज्ञाला मोठ्यानं वाचायची सवय आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. घरात हे इतकं मुरलंय की आता कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या आठवड्यात तिच्या तोंडी सारखी गाडी थांबत होती. चालकाला धोका दिसतो. पाय ब्रेकवर जाईपर्यंत जवळपास सेकंद जातो. साठच्या वेगातली गाडी तेवढ्यात सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण तिला धरतं आणि कोरड्या रस्त्यावर आणखी वीसेक मीटरनी उभं करतं. वेग दुप्पट झाला तर हे दुसरं अंतर चौपट होतं. ओल्या किंवा वाळू साचलेल्या रस्त्यावर ते वाढतं. आणि वजन? तिनं पेन्सिलीनं समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा एम खोडून दाखवला होता. जड गाडीला थांबवायला जास्त जोर लागतो, पण जड गाडी रस्त्यावर दाबलीही जास्त जाते, म्हणून घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. सूत्रात वजन उरतच नाही.

सुंदर होतं ते. इतकी स्वच्छ गोष्ट बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

माझं ऑफिस सीफमध्ये आहे. कंपनी बांधकामाचा माल वाहते. गाड्यांचं वर्कशॉप आणि गोदाम मीना सलमान बंदराजवळ, कागदपत्रं सीफला. कुठे काही घडलं की त्याचा अहवाल लिहायचा हे माझं काम. त्याआधी चौदा वर्षं अकोल्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. अपघाताच्या बातम्या तिथे रोज यायच्या आणि प्रत्येक बातमीतला ट्रक ‘भरधाव’ असायचा. तो शब्द मी कापायचो. वेग कोणी मोजला, असं वार्ताहराला विचारायचो. पोरं वैतागायची. सगळेच भरधाव लिहितात, आपणच का नाही, असं म्हणायची. आपल्याला माहीत नाही म्हणून, असं उत्तर ठरलेलं असे.

प्रल्हाद इंगळे वाशिम जिल्ह्यातला. वय सेहेचाळीस, इथे अकरा वर्षं, सगळी गाडीवर. आम्हा आंबेडकरी मंडळींची शुक्रवारची वंदना एका फ्लॅटच्या हॉलमध्ये होते. पंधरा-वीस माणसं जमतात. प्रल्हाद सगळ्यांच्या आधी येऊन पांढरी चादर अंथरायचा, बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो पुसून मांडायचा. चपला कोणी वेड्यावाकड्या काढल्या तर त्याही सरळ करायचा. तिथे तो मला भाऊ म्हणायचा, ऑफिसच्या लिफ्टमध्ये सर. दोन्ही त्याला सारखंच सहज जमायचं.

त्या फेब्रुवारीत त्याच्या बोलण्यात फक्त सुमन होती. सुमन त्याची बायको. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्यातली अकरा हा इथे. तिचा व्हिजिट व्हिसा आला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येऊन ती चौदा एप्रिल आमच्यासोबत करणार होती. तिनं पासपोर्ट काढला, फोटोत डोळे मिटले म्हणून पुन्हा काढावा लागला, गावात सगळ्यांना सांगून झालं. प्रल्हादनं एका ओळखीच्या कुटुंबाकडे महिन्याभरासाठी खोली ठरवली. माझ्या बायकोला तो दर शुक्रवारी काहीतरी विचारायचा: इथे ज्वारीचं पीठ कुठे बरं मिळतं, सीफच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर ती घाबरेल का, समुद्रावरच्या पुलाच्या मध्यापर्यंत जाऊ देतात का. एकदा तरी बघू द्या तुम्ही कुठे राहता, असं ती अकरा वर्षं म्हणत होती, असं त्यानं सांगितलं. मग हसून म्हणाला की आता बघितल्यावर म्हणेल, एवढ्यासाठी गेले होते का.

घटना साधी होती. रमझानातली संध्याकाळ, पाच वाजून गेलेले. मीना सलमानच्या गोदामातून फरशीची खोकी घेऊन प्रल्हादचा ट्रक सीफच्या एका साइटवर निघाला होता. सिग्नल लाल झाला. रांगेत शेवटी एक पांढरी मोटार उभी होती. ट्रक तिच्यावर मागून आदळला. मोटारीची डिकी आत गेली. चालवणाऱ्या बाईंना काही दिवस मानेला पट्टा लावावा लागला. ट्रॅफिक पोलिसांनी त्यांचं काम केलं. मागून आदळणारा चुकला हा नियम सगळीकडे आहे आणि तो योग्यच आहे.

उरला कंपनीचा अहवाल. त्याच्या शेवटी कारणाचा रकाना असतो. तिथे चालकाचा दोष लिहिला गेला की नोकरी संपते, व्हिसा रद्द होतो, रेसिडेन्सी कार्ड जमा करून माणूस परत जातो. दुसरं काही लिहिलं तर ताकीद मिळते आणि माणूस राहतो. सुमन येणार की नाही, ते त्या रकान्यावर होतं. हे मला माहीत होतं. प्रल्हादला माहीत होतं. शुक्रवारच्या हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि दोघांनी जिन्यात गाठून मला ते सांगितलंही. आपला माणूस आहे, सांभाळून घ्या. त्या एका वाक्यानं मी आतून ताठ झालो. आपला माणूस म्हणून सूट दिली असं उद्या कोणी म्हणू नये, ही काळजी आमच्यासारख्यांना घरातूनच मिळालेली असते. परीक्षा देत देत वर आलेल्या माणसाला पुसटसाही वशिला नकोसा वाटतो, घ्यायलाही आणि द्यायलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन जागेवर गेलो. प्रल्हाद सोबत होता. पाय ब्रेकवर गेला ती जागा नेमकी सांगता येणार नाही, पण सिग्नल लाल झालेला दिसला तेव्हा आपण कुठे होतो ते त्याला पक्कं आठवत होतं: दुभाजकावरचं एक खजुराचं झाड. तिथपासून मोटार उभी होती तिथपर्यंत पंचेचाळीस मीटर भरले. वेग किती होता? साठ, असं तो म्हणाला. जुन्या गाडीला ट्रॅकर नव्हता. रस्ता कोरडा होता. कडेला वाऱ्यानं आणलेली वाळू होती, पण मधल्या पट्ट्यात बोट फिरवलं तर नावालाच लागत होती. डांबरावर टायर घासल्याच्या काळ्या खुणा शोधल्या. एकही नव्हती. फोटो काढले.

साठच्या वेगाला सदतीस मीटर पुरतात. हाताशी पंचेचाळीस होते. म्हणजे आठ मीटर शिल्लक राहायला हवे होते.

प्रल्हाद संध्याकाळी घरी आला. पोहे केले होते, ते त्यानं हातात धरून ठेवले. गाडीत दोन खेपांचा माल एकातच भरला होता, असं त्यानं सांगितलं. रमझानात सगळ्यांना लवकर सुटायचं असतं म्हणून शेवटच्या दोन खेपा एकात घालतात, नेहमीचंच आहे, असंही. गोदामाची स्लिप माझ्याकडे होती. तीवर एका खेपेचं वजन होतं. स्टोअरकीपरला मी फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला होता, दुसरी स्लिप मफी, म्हणजे नाहीच. एका बाजूला एकट्या माणसाचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला कागद, असं होतं. तरीही पुन्हा विचारलं असतं, गोदामात जाऊन आलो असतो. पण टेबलाच्या पलीकडे प्रज्ञा बसली होती आणि तिनं वहीतून डोकं वर काढलं.

“इट डझन्ट मॅटर, अंकल,” ती म्हणाली. “मास कॅन्सल्स.”

तिनं वही त्याच्याकडे वळवली. खोडलेले दोन एम दाखवले. प्रल्हादनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते नीट पाहिलं.

“मंग बेटा,” तो म्हणाला, “हे गाडीले काहून माईत नाई?”

प्रज्ञा हसली. मीही हसलो. तो हसला नाही, पण रागावलाही नाही. निघताना दारात चपला घालता घालता एवढंच म्हणाला, “भाऊ, मी ब्रेकवर उभा राह्यलो होतो. ती थांबायलेच तयार नाई.”

अहवाल त्याच आठवड्यात गेला. इंग्रजीत, दीड पान. अशा कागदात ‘मी’ नसतो. असे आढळून आले, असे दिसते, असा निष्कर्ष निघतो. रस्ता कोरडा होता. ब्रेक लागल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. मालाच्या वजनाचा थांबण्याच्या अंतरावर परिणाम होत नाही. उपलब्ध अंतर पुरेसे होते. त्यावरून वेग मर्यादेपेक्षा जास्त असावा किंवा चालकाचे लक्ष नसावे. कारण: निष्काळजीपणे वाहन चालवणे. पुन्हा वाचला तेव्हा एकही शब्द जास्तीचा वाटला नाही. गणित दोनदा तपासलं होतं, एकदा प्रज्ञाकडूनही. तिला त्या धड्यावरच्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले.

ऑपरेशन्स मॅनेजरनी सही केली. आठ दिवसांत प्रल्हाद गेला. कार्ड जमा करायला तो सीफच्या ऑफिसात आला तेव्हा लिफ्टजवळ भेट झाली. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, “जय भीम, सर.” विमानतळावर माझी बायको गेली होती. तिच्या हाती त्यानं चादर परत पाठवली, धुऊन, घडी घालून. तिकडून येऊन ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सुमनचा व्हिसा वापरला गेला नाही. त्या चौदा एप्रिलला चपला वेड्यावाकड्याच पडल्या होत्या.

बस्त्याव वसईचा. मीना सलमानच्या वर्कशॉपचा फोरमन, तीस वर्षं गाड्यांच्या खालून जग पाहिलेला माणूस. अपघात झाला तेव्हा तो रजेवर गावी गेला होता. मेच्या सुरुवातीला एका वेगळ्याच कामासाठी वर्कशॉपला गेलो तेव्हा तो प्रल्हादच्या ट्रकखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला की पेपरवाले, तुमचा कागद वाचला, इंग्रजी फार छान आहे. तो टोमणा होता हे कळायला थोडा वेळ लागला.

त्यानं मला वाकायला लावलं. उन्हं तापायला लागली होती; पत्र्याखाली ग्रीस आणि जळक्या रबराचा वास कोंडला होता. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान गेली होती, ते सपाट पडले होते. ब्रेकचा ड्रम काढून ठेवला होता. आतून त्याला तापून निळी झाक आली होती. ब्रेकचं लायनिंग काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. नख त्यावरून घसरत होतं. हे एका खेपेच्या मालानं होत नाही, म्हणाला. मग त्यानं विचारलं की रस्त्यावर खुणा नव्हत्या असं लिहिलंत ना? हो म्हटलं.

“मग तेच तर,” बस्त्याव म्हणाला. “चाक जाम होऊन घासत गेलं असतं, तर खूण पडली असती आणि तुमचं गणित बरोबर आलं असतं. खूण नाही म्हणजे चाक फिरत होतं. ब्रेकमध्ये होती तेवढी ताकद त्यानं लावली, चाक अडलंच नाही. ब्रेकची ताकद कंपनीनं ठरवून दिलेली असते, पेपरवाले. माल वाढला म्हणून ती वाढत नाही.”

तो सावकाश बोलत होता, जसं कोणाला वाईट बातमी सांगावी. सूत्र खरं होतं. ते घसरणाऱ्या चाकाचं होतं. या ट्रकचं चाक घसरलंच नव्हतं. गाडीचं आणि मालाचं मिळून वजन दीडपट झालं की थांबायचं अंतरही दीडपट, विसाचे तीस. वर तापलेलं लायनिंग आणि नावालाच लागलेली ती वाळू. सतरा आणि तीस सत्तेचाळीस. पंचेचाळिसात ते बसत नाहीत. शेवटी त्यानं मोटारीच्या डिकीचा फोटो मागितला. फोनवर मोठा करून पाहिला आणि परत दिला. ऐंशीनं येऊन धडकला असता तर ही डिकी पुढच्या सीटला लागली असती, म्हणाला. ही तर कोणी ढकलल्यासारखी आहे.

तो फोटो मीच काढला होता. दीड पानी अहवालाला मीच जोडला होता.

त्या दुपारी गोदामात गेलो. स्लिपांचं पुस्तक मागितलं. अपघाताच्या दिवशीची स्लिप होती तशीच होती. पान उलटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताची स्लिप: तीच साइट, तेवढीच खोकी, गाडीचा नंबर तोच. त्या वेळी ती गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती. रमझानात असंच करतो, स्टोअरकीपर म्हणाला; माल आज जातो, स्लिप उद्या फाडतो, सगळे लवकर घरी जातात. फोनवर मी त्याला त्या दिवशीची दुसरी स्लिप आहे का एवढंच विचारलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. पुढचं पान पाहायला मी गेलो नव्हतो.

दुसरा अहवाल लिहिला. मॅनेजरनी तो उभ्यानं वाचला. माणूस वाईट नाही. दोन खेपा एकात घालणं त्याच दिवसापासून बंद करतो म्हणाले, आणि ते झालंही. प्रल्हादचं काय, असं विचारलं. व्हिसा रद्द झाला आहे, जागा भरली आहे, फाइल बंद आहे. “खलास,” ते म्हणाले, आणि कागद फाइलला लावला. पहिल्याच्या मागे.

त्यानंतरचा उन्हाळा आठवत नाही. इथले उन्हाळे तसेही एकमेकांत मिसळून जातात. गाडी चालवताना पुढच्या गाडीपासून जास्तच अंतर सोडायची सवय लागली. त्या मोकळ्या जागेत दुसरी कोणीतरी गाडी घालतं, मी आणखी मागे सरतो. मागचे हॉर्न देतात. प्रज्ञाला हे बस्त्यावचं म्हणणं सांगितलं तेव्हा तिनं धडा काढून ती ओळ शोधली. चाक घसरत असेल तरच, अशी अट लिहिलेली होती. लहान अक्षरांत, सूत्राच्या वर.

प्रल्हादला फोन करायला जवळपास वर्ष लागलं. या फेब्रुवारीत, टेबलावर पुन्हा वह्या आल्यावर केला. तो वाशिमला एका शाळेची व्हॅन चालवतो. आवाज होता तसाच. प्रज्ञाचा अभ्यास कसा चालला ते त्यानं आधी विचारलं. मी सगळं सांगितलं: चाक, खुणा, पाटे, पुढचं पान. शेवटी तो म्हणाला की हे तर त्याला माहीतच होतं.

मग त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. नोकरीवरून काढल्याचं इंग्रजी पत्र घरी पुतण्यानं वाचून दाखवलं होतं. निष्काळजी हा शब्द त्यानं मराठीत सांगितला. सुमननं फक्त विचारलं, तुम्हाला झोप लागली होती का. तेव्हापासून घरचं कोणीही त्याच्या गाडीत बसलं की पहिल्यांदा म्हणतं, हयू चालवा. हळू चालवा. तिनं भांडण केलं असतं तर बरं होतं, असं तो म्हणाला. मी सुधारलेला अहवाल पाठवतो म्हटलं. इंग्रजी नको, तो म्हणाला. तिला वाचता येईल असं पाठवा. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. त्यानं तो मला पोचवला: “खाली नाव पायजे म्हणते. पयल्या कागदावर कोनाचंच नाव नव्हतं.”

चार ओळी लिहायला तीन दिवस लागले. ओळी अशा झाल्या.

‘प्रल्हाद इंगळे यांच्या गाडीचा वेग जास्त होता असा कोणताही पुरावा नव्हता. गाडीत ठरल्यापेक्षा दुप्पट माल भरलेला होता, तो त्यांनी भरला नव्हता. त्यांनी ब्रेक वेळेवर आणि पूर्ण दाबला होता. मी चुकीचं लिहिलं.’ खाली नाव, सही, तारीख.

हातानं लिहून फोटो पाठवला. प्रज्ञा दुसऱ्या दिवशीच्या पेपराचं वाचत होती. खाली रस्त्यावर घरी जायची घाई चालू होती. तासाभरानं व्हॉइस मेसेजमधून सुमनचा आवाज फोनवर आला. पहिल्यांदाच नीट ऐकला. राग नव्हता त्यात. जपून, शाळेत उभं राहून वाचावं तसं ती बोलली. कागद पोचला. दोनदा वाचला. सासूबाईंना वाचून दाखवला. आणि मग: “भाऊजी, हे तवा काहून नाई समजलं तुमाले?”

मी उत्तर लिहिलं. वहिनी, त्यांना विचारलं होतं. ऐकलं नव्हतं.

पुन्हा वाचून पाठवलं.